आजेसासूबाईंबद्दल लिहायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत असते, नवरा इटालियन घरातला. त्याची आजी, म्हणजे माझी आजेसासू, 1921 ला इटलीतल्या अवेलिनोकडच्या एका खेड्यातून नवऱ्यामागोमाग आली, एलिस आयलंडवर (न्यूयॉर्कजवळचं, बाहेरून येणाऱ्यांची नोंद व्हायची ते बेट) उतरली आणि नुअर्कच्या फर्स्ट वॉर्डात संसार मांडला, तेव्हा तिथे सगळी इटालियन वस्तीच होती. सहा मुलं, वर दोन भाडेकरू जेवायला. 1950 च्या दशकात सरकारी घरांच्या इमारतींसाठी वस्ती पाडली, घर गेलं, पण सेंट ल्युसी चर्च राहिलं आणि ऑक्टोबरात सेंट जेरार्डच्या उत्सवाला ती शेवटपर्यंत जायची.

मी लग्न होऊन आले तेव्हा ती नव्वदीला टेकलेली. कणकेच्या वळीचे तुकडे पाटावर अंगठ्याने ओढून कवातेल्ली (एक प्रकारचा छोटा पास्ता) करायची, मी म्हटलं अगंबाई हे तर आपले गव्हलेच की, जरा मोठे! दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी त्या दुपारी दोन ताटं भरून केले आम्ही.

1930 च्या जनगणनेत तिच्या नावापुढे व्यवसाय 'काही नाही' लिहिलंय, वाचून पोटात तुटलं हो.

जहाजाच्या प्रवासी यादीत ती सापडतच नाहीये, इटालियन बायकांची नोंद माहेरच्या आडनावाने असायची म्हणे, असं कुणी शोधलंय का? आणि तिची धाकटी लेक पंच्याऐंशीच्या पुढे आहे, तिला बोलतं करून रेकॉर्ड करायचंय, तर तुमच्या आजीबद्दल लिहिताना तुम्ही सुरुवात कुठल्या प्रश्नापासून केलीत? प्लीज सांगा, ऑक्टोबरच्या आत व्हायला हवंय.