एका बदलावर दोन मेसेज जातायत, डिपेंडन्सी ग्राफ (कोणती किंमत कोणावर अवलंबून, त्याचं चित्र) डोळ्यांनी कसा बघायचा?

देवगड_डेव्ह:
आंब्याच्या पट्टीचं (विक्रीच्या हिशोबाचं) अ‍ॅप करतोय, आरएक्सजेएस या जावास्क्रिप्ट लायब्ररीमध्ये. दराच्या स्ट्रीमवरून (बदलत्या किमतींच्या प्रवाहावरून) एकीकडे रक्कम निघते, दुसरीकडे 8 टक्के दलाली, आणि दोन्ही कम्बाइनलेटेस्टमध्ये (प्रवाहांच्या ताज्या किमती जोडणारं फंक्शन) घालून निव्वळ रक्कम. दहा पेट्या धरा, दर 2000 चा 2500 केला की बागायतदाराला आधी 23400 चा मेसेज जातो आणि लगेच 23000 चा. लोक फोन करून विचारतात 400 कुठे कापले, आणि त्यांचं बरोबरच आहे, वर्षभराची मेहनत असते त्यात. कन्सोल लॉग सगळीकडे टाकले पण कोण कोणामुळे चाललं ते त्यातून कळतच नाही.

मालवण_किनारा:
23400 म्हणजे 25000 वजा 1600. रक्कम नवी, दलाली जुनी! कम्बाइनलेटेस्ट थांबत नाही रे, एक बाजू आली की दुसरीची आधीची किंमत घेऊन मोकळा होतो. याला ग्लिच म्हणतात. कागदावर काढून बघ, वर दर, खाली दोन फाटे, परत एकत्र, असा हिरा जिथे दिसेल तिथे हाच प्रकार.

गुहागर७०:
डिबाउन्सटाइम (किमती यायच्या थांबल्या की शेवटचीच पुढे सोडणारं) शून्य लाव, एकच मेसेज जाईल.

रत्नागिरी_फ्रंटएंड:
जाईल, पण कृपा करून तसं नको, ग्राफ तसाच वाकडा राहतो आणि वर सगळं असिंक (लगेच न होता नंतर चालणारं) होतं. दोन्ही आकडे दरावरून एकाच मॅपमध्ये (किंमत घेऊन नवी किंमत देणारी पायरी) काढ, हिराच उरणार नाही. मॉबएक्ससारख्या लायब्ररीत कॉम्प्युटेड (दुसऱ्या किमतींवरून आपोआप निघणाऱ्या) किमतींना हा त्रास होत नाही, आणि तिथे गेटडिपेंडन्सीट्रीने कोण कोणावर अवलंबून ते छापूनही मिळतं.
बघायचंच असेल तर नुसतं बाणांचं चित्र पुरत नाही, कोण आधी आलं तेही दिसलं पाहिजे. बँकेन, मायर आणि गुसिओस यांनी 2018 मध्ये मांडलेलं आरएक्सफिडल हे टूल नेमकं हेच करतं, ग्राफ आणि त्याच्याबरोबर मार्बल डायग्राम (वेळेच्या रेषेवर किमती दाखवणारं चित्र). घरगुती उपाय म्हणजे प्रत्येक स्ट्रीमला नाव देऊन टॅप (किंमत न बदलता मध्येच डोकावणारी पायरी) लाव, टॅपमध्ये वाढता नंबर लिही आणि ते बाण ग्राफव्हिज या आकृती काढणाऱ्या टूलला दे, तुझ्या केसमध्ये निव्वळ रकमेकडे एकाच दरासाठी दोन नंबर जाताना दिसतील.

देवगड_डेव्ह:
दादा, दिसले दोन नंबर, मॅप एकच केला, आता फक्त 23000 जातो. पण गाडीभाड्याच्या स्क्रीनवर पण हिरा निघाला आणि तिथे दोन्ही फाटे सर्व्हरवरून येतात, त्याचं काय करू?

रत्नागिरी_फ्रंटएंड:
वरची किंमत बदलली की स्विचमॅप, त्याच्या आत दोन्ही कॉल फोर्कजॉइनने. दोन्ही आले तरच पुढे जाईल, आणि मध्येच परत बदललं तर जुनी जोडी सोडून देईल.