हॉरर, ऱ्हिदम आणि मर्दानी खेळ एकाच कॅरेक्टरमध्ये कसं बसवायचं?

रंकाळा_पिक्सेल:
नमस्कार मंडळी. मी आणि माझा दोस्त मिळून एक छोटा टू-डी गेम करालोय, तो कोड बघतोय आणि मी चित्रं. गेम कोल्हापुरातच घडतो, महापूर आलाय, पंचगंगा चढत चाललीय आणि पाण्याबरोबर अजून काहीतरी पेठांत शिरतंय, ते काय हे ठरायचंय. हिरॉईन गौरा, विशीतली पोरगी, दिवसा शिरोलीत फौंड्रीत कामाला आणि संध्याकाळी तालमीत मर्दानी खेळ. मला हॉरर पण पाहिजे, ऱ्हिदम गेम (म्हणजे तालावर बटणं दाबायचा) पण आणि थोडं सायन्स फिक्शन पण. स्केचमध्ये सध्या तिच्या एका हातात दांडपट्टा, दुसरा हात मशीनचा, पाठीवर हलगी, आणि एक डोळा हिरवा चमकणारा, भुताचा. एकेक गोष्ट सुटी बघितली की आवडते पण सगळं एकत्र आलं की ही पोरगी नेमकी कोण तेच कळंना झालंय. तुम्ही आधी दिसणं ठरवता का आधी ती काय करते ते?

उद्यमनगरकर:
आधी काय करते ते. तू सगळं तिच्या अंगावर मिसळालायस भावा, हॉरर म्हणजे हिरवा डोळा, सायन्स फिक्शन म्हणजे लोखंडी हात. खेळणाऱ्यानं बटण दाबलं की त्या एका बटणात दोन्ही प्रकार आले पाहिजेत, नाहीतर ते नुसतं सोंग राहतं. २०१५ चा क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर हा गेम बघ, त्यातल्या पोरीच्या काळजालाच शाप आहे म्हणून तिला तालावरच हलावं लागतं, ताल चुकला की ती चाल वाया. तळघरातली मारामारी आणि गाण्याचा ठेका दोन्ही त्या एका कारणात बसलंय, वेगळं काही चिकटवायला लागलं नाही.

आणि तुझ्याकडं तर हलगी आहे मर्दा! पावसाळ्यात दमट हवेत हलगीचं चामडं ढिलं पडतं, आवाज बसतो, मग जाळावर शेकून कडक करायला लागते हे तुला काय सांगायचं. आता बघ, गौरा हलगी वाजवते, ठेका बरोबर पडला की पाण्यातलं ते जे काय आहे ते मागं सरतं, पण ती ओलीत जितकी थांबेल तितकी हलगी बसत जाते आणि ताल धरायची वेळ अरुंद होत जाते. शेकायची म्हटली तर जाळ करायला पाहिजे, जाळ केला की उजेड, आणि उजेड दिसला की ते तिकडंच येणार. इथंच हॉरर आणि ऱ्हिदम एकत्र आलं की नाही? मशीनचा हात काढून टाक, सायन्स फिक्शन या गेमला नको.

अजून एक, स्क्रीनवर लाइफ बार (जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी) ठेवू नको, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी दाखव. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे इथल्या शेंबड्या पोराला पण पाठ आहेत. ३९ पर्यंत नुसतं फिरणं, माणसं बाहेर काढणं, ३९ नंतर ते दिसायला लागतं, ४३ ला रस्ते बंद आणि फक्त माड्या-गच्च्यांवरनं जायचं. गेमचा प्रकार पाण्याबरोबर बदलतोय, पण गौराचं काम तेच, ठेका धरणं.

पेठेतली:
मी लहानपणापासून मर्दानी खेळ खेळतेय म्हणून दांडपट्ट्याबद्दल लिहिते. दादा, तुमच्या वर्णनात ती एका हातात पट्टा धरून हलगी पण वाजवणार असं वाटतंय, ते होत नाही. पट्ट्याच्या मुठीला खोबळा असतो, हात त्याच्या आत जातो आणि मनगट अडकतं, वळतच नाही. त्यामुळं तलवारीसारखं मनगटातनं मारता येत नाही, सगळा फिरवा कोपरातनं आणि खांद्यातनं. पातं लांब आणि लवचिक, एकदा फिरायला लागलं की मधेच थांबवणं अवघड, एका फेकीतनं दुसरी काढत राहायची. गेममध्ये हे फार सुंदर दिसेल, पण मग तिला अरुंद गल्ली, खांब, दुसरी माणसं जवळ नकोत.

आणि हलगीला दोन्ही हात लागतात, एकात टिपरू, एकात बारीक काडी. म्हणजे हलगी का पट्टा, एकच. आमच्याकडं खेळणारा आणि वाजवणारा वेगळाच असतो, वाजवणारा लय वाढवतो तसा खेळणारा चढत जातो. मला विचाराल तर गौराला वाजवणारी करा. पट्टेवाल्या बायका गेममध्ये कुणीही काढेल, हलगीवाली मी तरी अजून बघितलेली नाही, आणि मला ती मनापासनं बघायचीय.

कोडवाला_कसबा:
वरच्या दोघांशी सहमत. चित्रं आठवडाभर बाजूला ठेव. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात गौराच्या जागी एक चौकोन घे, हलगीचा एक ठेका लूपवर टाक आणि बटण. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांत ५०० मिलिसेकंद असतात, सुरुवातीला मागं-पुढं १०० ची सूट दे आणि हलगी ओली होईल तशी ४० पर्यंत आण. चौकोन घेऊन पण घाम फुटला तर कॅरेक्टर सापडलं म्हणून समज. फोनवर करणार असाल तर पहिल्या दिवसापासनं आवाजाचं कॅलिब्रेशन (आवाज आणि बटणाची वेळ जुळवायची सोय) ठेवा, ब्लूटूथ इअरफोनवर आवाज उशिरा पोचतो आणि ऱ्हिदम गेमचा पार चुथडा होतो.

चित्राला हात लावशील तेव्हा आधी नुसती काळी सावली काढ. २००७ च्या टीम फोर्ट्रेस २ या गेममधली नऊच्या नऊ माणसं नुसत्या सावलीवरनं ओळखू येतात, तेवढं जमलं पाहिजे. गौराचं सोपं आहे, छातीपुढं गोल हलगी आणि दोन्ही कोपरं बाहेर.

रंकाळा_पिक्सेल:
लई भारी, डोकं एकदम मोकळं झालं. हात गेला, डोळा गेला, पट्टा पण काढला. पट्टा तिच्या भावाकडं देतोय, तो पुरात पलीकडच्या काठावर अडकलाय, आणि शेवटच्या लेव्हलला दोघं भेटले की ती वाजवणार आणि तो खेळणार, म्हणजे तेव्हा पहिल्यांदा पट्टा स्क्रीनवर येईल. फौंड्री ठेवतोय, जाळ कसा धरायचा, किती तापवायचं हे तिला तिथनंच कळतं, चामडं जास्त शेकलं तर फाटणार हे पण गेममध्ये घेतो. पेठेतली ताई, तुमच्या तालमीत येऊन हलगी रेकॉर्ड केली तर चालेल काय?

पेठेतली:
या की, वस्तादांना विचारून वार कळवते. पावसाचा दिवस बघूनच या, आधी बसलेली हलगी रेकॉर्ड करा, मग शेकताना मधे मधे, मग पूर्ण कडक झाल्यावर, सगळे आवाज लागतील तुम्हाला.