थेंब पडतोय कुठल्या भांड्यात?
रोजच्या छोट्या बचतीचा विषय निघाला, की 'थेंबे थेंबे तळे साचे' हेच आपलं ब्रीद, असं कुणीतरी म्हणतंच. मान्य, पण थेंब पडतो कुठे हे कुणीच सांगितलं नाही. आपल्याकडे बेळगाव-खानापूर-निपाणीच्या पेठेत त्या भांड्याचं सरळ नाव पिग्मी, म्हणजे एजंट रोज दुकानात येऊन थोडी थोडी रक्कम गोळा करतो ते ठेव खातं. कल्पनाही आपल्या कर्नाटकातलीच. पुढे सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेनं १९२८ मध्ये रोज दोन आणे दारोदार गोळा करून ती सुरू केली.

चूक होते ती रक्कम ठरवताना. दुकानदार दिवाळीचा गल्ला बघून रोजचे २०० रुपये लावतात आणि आषाढात पावसाची झड बसली, की एजंटाला "उद्या या" सुरू. त्यापेक्षा पावसाळ्यातल्या मंद दिवसाचा गल्ला धरा. रोज ५० रुपये, महिन्याचे २५ दिवस धरले तरी वर्षाला १५,००० होतात. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट भरायला जाऊ नये. तो हट्टच खातं बंद पाडतो. मुदतीआधी मोडलं तर बहुतेक ठिकाणी व्याज जातं, वर कमिशनही कापतात, म्हणून हे खातं उघडतानाच विचारायचं. एजंटाच्या मशीनची पावती पैसे देताना तिथल्या तिथे घ्या आणि नुसता आजचा आकडा नको, एकूण शिल्लक कालच्या पावतीशी ताडून बघा. आणि हो, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्था किंवा सौहार्द सहकारी सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो. सोसायटीत पिग्मी असेल तर मुदत संपली की रक्कम बँकेच्या ठेवीत हलवावी.