ऑइल पेंटिंग शिकायला चित्रकार कॉन्स्टेबलची कॉपी करायची की सरळ बाहेर बसायचं?

कॅनव्हासवेडी:
क्लासमध्ये सरांनी सगळ्यांना इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं 'द हे वेन' (म्हणजे गवताची गाडी, 1821) कॉपी करायला दिलंय. बघितलं नसेल तर सांगते, इंग्लंडमधल्या सफोकच्या स्टूर नदीचं उथळ पाणी, त्यात उभी रिकामी गवताची गाडी, डावीकडे विली लॉटचं घर आणि वर ढगांनी भरलेलं आभाळ. बॅचमधला एकजण म्हणतो ही नुसती नक्कल, शिकायचं तर ईझल उचला आणि बाहेर बसा. मला नाही पटत. बाहेर काय घ्यायचं, काय गाळायचं, ऊन सरकलं की काय करायचं आणि वर हे चिकट ऑइल सांभाळायचं, नवशिक्याची पार वाट लागते. कॉपीत रचना आयती मिळते, मग लक्ष रंगावर राहतं.

नदीकाठचा:
आयती मिळते तोच तर घोळ आहे! लँडस्केपमध्ये निम्मी अक्कल कुठून कुठपर्यंत घ्यायचं हे ठरवण्यातच लागते. आणि कॉपी कशावरून करताय, मोबाईलवरून ना? मूळ चित्र 130 बाय 185 सेंटिमीटर आहे, स्क्रीनवर त्यातला एक फटकारा तरी दिसतो का? कॉन्स्टेबल स्वतः 1821-22 मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला उघड्यावर ढग रंगवत बसायचा, चित्राच्या मागे तारीख, वेळ, वारा लिहून ठेवायचा. त्याच्यासारखं व्हायचंय तर त्याने केलं ते करा.

जवसतेल:
त्याने केलं ते? मग कॉपीच करा की 😄 सतराव्या शतकातला निसर्गचित्रकार क्लोद लोरँ, त्याच्या चित्रांच्या कॉप्या त्याने तरुणपणी तर केल्याच, पण 1823 मध्ये, 'हे वेन' होऊन दोन वर्षं झाल्यावर, 47 वर्षांचा असताना, चित्रसंग्राहक सर जॉर्ज बोमंटच्या घरी मुक्काम ठोकून परत क्लोदच गिरवत बसला, तिकडे लंडनमध्ये बायको वैतागलेली.

नदीकाठचा:
तो ओरिजिनलसमोर बसला होता हो, तुमच्यासारखा झेरॉक्ससमोर नाही. आणि बोमंटचं नाव काढलंत म्हणून, असं सांगतात की चित्राचा एकूण रंग जुन्या व्हायोलिनसारखा तपकिरी असावा असं बोमंटचं म्हणणं होतं, तेव्हा कॉन्स्टेबलने व्हायोलिन उचललं आणि हिरवळीवर नेऊन ठेवलं, म्हणजे बघा, तपकिरी व्हायोलिन आणि हिरवं गवत शेजारी शेजारी. जुन्या चित्रांवरचं व्हार्निश पिवळं पडतं आणि कॉपी करणारे ते पिवळेपणही इमानेइतबारे रंगवतात.

थरावरथर:
दोघंही अर्धं बरोबर, पण कॉपी म्हणजे अख्खं चित्र उतरवणं हे कोणी ठरवलं? 'हे वेन'चं त्याच मापाचं कच्चं ऑइल स्केच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, ते मूळ चित्राशेजारी ठेवून बघा. खालचा तपकिरी रंगाचा हात त्यात कितीतरी ठिकाणी तसाच उघडा सोडलाय. पुढे काठावर घोडेस्वार आहे, फायनलमध्ये त्याच्या जागी आधी पिंप आलं, मग तेही पुसून पाणी केलं. काय गाळायचं हेसुद्धा कॉपीतून शिकता येतं, नुसतं फायनल गिरवत बसू नका.
कॅनव्हासवेडी, तुम्ही फक्त गाडी आणि तिच्याखालचं पाणी घ्या. पांढरा कॅनव्हास नको, आधी बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा पातळ हात द्या, टर्पेंटाइन जास्त, तेल जवळजवळ नाहीच. वरचे थर हळूहळू तेलकट करत न्या, उलटं केलंत तर पुढे तडे जातात. पाण्यावरची चमक सगळ्यात शेवटी, जाड रंगाने, आणि एकदा ठेवली की ब्रश उचला, घोटत बसलात तर गेली. ट्यूबमधला टायटॅनियम व्हाइट जपून वापरा, तो कॉन्स्टेबलच्या काळी नव्हताच, जास्त झाला की सगळं खडूसारखं दिसतं.

भरदुपार:
पण इंग्लंडचं ओलं हिरवं घोटून आमच्या मे महिन्यातल्या पांढऱ्याफटक उन्हाचं काय कळणार? मी मुंबईच्या जे.जे. आर्ट स्कूलवाल्यांना रस्त्यावर बसून स्पॉट, म्हणजे समोरचं दृश्य जागेवरच रंगवताना बघितलंय, हात तिथेच बसतो.

थरावरथर:
त्यातले बरेचजण वॉटरकलर करतात, तासाभरात उठता येतं. ऑइलचा पहिला थर वाळेपर्यंत तुमचं ऊन थांबणारे का?

नदीकाठचा:
ओल्यावर ओलं करा की, एका बैठकीत. थरांची भीती घालून नवीन पोरांना घरात कोंडू नका.

कॅनव्हासवेडी:
गाडी आणि पाणी एवढंच करायचं ठरलं, सरांना विचारून घेते. पण घोड्याच्या साजावरचा लाल आजूबाजूच्या हिरव्यामुळे पेटतोय की तो मुळातच शुद्ध लाल आहे? व्हर्मिलियनची (भडक लाल रंगाची) ट्यूब महाग आहे म्हणून विचारतेय.