मदत हवी आहे: कांदा, लसूण आणि गव्हाशिवाय आईला सोसेल असा घरगुती पास्ता

नमस्कार. आम्ही ठाण्यात, घोडबंदर रस्त्याजवळ राहतो. माझ्या आईला आयबीएसचा (आतड्यांच्या एका दीर्घकालीन विकाराचा) त्रास आहे. सिलिअ‍ॅक रोगाची (गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या विकाराची) रक्ततपासणी गहू बंद करण्याआधीच करून घेतली होती आणि तीत काही निघाले नाही. आहारतज्ज्ञांच्या मते मुख्य अडचण फ्रुक्टान या कर्बोदकाची आहे. ते लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात गेल्यावर तेथील जिवाणू ते आंबवतात आणि वायू धरून पोट फुगते. गहू, कांदा आणि लसूण या तिन्हींत ते असते, आणि घरोघरी होणारा पास्ता नेमका याच तिन्हींचा असतो.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेली लो-फॉडमॅप पद्धत (फॉडमॅप म्हणजे फ्रुक्टानसारखी नीट न पचणारी, आतड्यात आंबणारी कर्बोदके; ती आहारातून कमी करायची) सध्या आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सुरू आहे. त्यातला कडक पथ्याचा काळ साधारण २ ते ६ आठवड्यांचा असून नंतर एकेक पदार्थ पुन्हा देऊन पाहायचा असतो, त्यामुळे उपचारांविषयी काही विचारायचे नाही. प्रश्न फक्त स्वयंपाकाचा आहे. शनिवारी संध्याकाळी माझी मुलगी हौसेने पास्ता करते आणि आजीपुढे मात्र मऊ भात येतो. आई त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, पण एकाच टेबलावर तिचे पान वेगळे वाढावे लागते याचे मला फार वाईट वाटते. सर्वांसाठी एकच पातेले चढावे, अशी मनापासून इच्छा आहे.

अडते ते दोन ठिकाणी. दुकानात मिळणारा तांदळाचा पास्ता सॉसमध्ये घातला की तुटून त्याचा लगदा होतो. शिवाय कांद्याविना केलेला टोमॅटोचा सॉस पातळ आणि नुसता आंबट लागतो, आणि जास्त आंबट खाल्ले की आईच्या छातीत जळजळते. दूध तिला चालत नाही, म्हणून पांढऱ्या सॉसचाही मार्ग बंद आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (नेरूळहून):

आपल्या आईंच्या पथ्यात बसतील अशाच गोष्टी सुचवते. सॉससाठी गाजर घ्यावे. गाजरात फॉडमॅप जवळजवळ नसतातच. दोन गाजरांमागे एकच टोमॅटो, दोन्ही मऊ उकडून वाटले की सॉसला दाटपणा येतो आणि आंबटपणाही बेताचा राहतो. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून ऑलिव्ह तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या मंद आचेवर परताव्यात आणि सॉस ओतण्यापूर्वी त्या सगळ्या काढून टाकाव्यात, म्हणजे स्वाद तेवढा तेलात उतरतो. सॉसमधल्या पाण्याशी पाकळ्यांचा संबंध येऊ देऊ नये. हे तेल रोजच्या रोज ताजेच करावे. घरी केलेले लसणाचे तेल बाहेर ठेवल्यास त्यात बोटुलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात, म्हणून साठवण्याचा मोह टाळावा. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात चिरून घालावी, पांढरा भाग घेऊ नये. वरून किसायला जुने, कडक चीज चालते, कारण मुरलेल्या चीजमध्ये लॅक्टोज (दुधातली साखर) अगदी नाममात्र उरते.

तांदळाच्या पास्त्यात ग्लुटेनची पकड नसते, म्हणून तो तुटतो. भरपूर पाणी खळखळून उकळल्यावरच तो घालावा, पहिले मिनिटभर ढवळावा, पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी उपसावा आणि सॉसमध्ये न शिजवता वाढताना सॉस वर ओतावा. तो गार झाल्यावर कडक होतो, तेव्हा मंडळी पानावर बसल्यावरच उपसलेला बरा.

खरे सांगायचे तर मी विकतचा पास्ता आणणेच सोडले आहे. आमच्या मालवणकडे तांदळाच्या पिठाचे शिरवळे करतात. मोदकांसारखी उकड काढायची, ती चांगली मळून तिचे मुटके करून वाफवायचे आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायचे. गावाकडे ते नारळाच्या गोड रसाबरोबर खातात, पण गाजराचा हा सॉस त्यांवर उत्तम बसतो, आणि सोऱ्या फिरवायला आपली मुलगीही आनंदाने पुढे येईल.

धागाकर्ता:

मनापासून आभार. उकडीचा मार्ग सुचलाच नव्हता. एक शंका आहे: लसणाच्या तेलाबरोबर चिमूटभर हिंग घातला तर चालेल का?

प्रतिसाद (नेरूळहून):

चालेल, पण डबीवरचे घटक आधी वाचावेत. बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो, तोच आणावा.