मदत हवी आहे : जुना ग्रब काढणे आणि कंत्राटी कामातून कायम नोकरीत जाणे

नमस्कार मंडळी. इतकी वर्षे कंत्राटी पद्धतीने सॉफ्टवेअरचे काम केल्यानंतर आता मी पुण्यात कायम नोकरी स्वीकारली आहे, आणि कामाचा लॅपटॉप धाकट्या बहिणीला देण्याआधी त्यावर विंडोजसोबत असलेली उबंटू (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टीम) काढून फक्त विंडोज ११ ठेवायचे आहे. ग्रबला (यंत्र सुरू होताना कोणती सिस्टीम चालवायची ते विचारणाऱ्या उबंटूच्या प्रोग्रामला) आपला मेनू उबंटूच्या पार्टिशनमधूनच (डिस्कच्या भागातूनच) वाचावा लागत असल्याने, ते पार्टिशन आधी उडवले तर यंत्र काळ्या पडद्यावर ग्रबच्या प्रॉम्प्टपाशी अडकते. म्हणून ते अजून तसेच ठेवले आहे. बिटलॉकर (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद ठेवण्याची सोय) तात्पुरता थांबवून ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवायची, बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला आणायचा, मग ईएफआय पार्टिशनमधील (यंत्र सुरू करणाऱ्या फायली असलेल्या डिस्कच्या छोट्या भागातील) उबंटूचे फोल्डर आणि शेवटी विंडोजच्या बीसीडीएडिट या आज्ञेने बूट यादीतील उबंटूची नोंद काढायची, असा क्रम मी ठरवला आहे. तो बरोबर आहे का? नोंद काढूनही ती पुन्हा उगवल्याचा कोणाला अनुभव आहे का?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कंत्राटी कामासाठी घेतलेली जीएसटी नोंदणी रद्द करण्यासाठी आरईजी-१६ अर्ज आणि नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरावे लागते, एवढे मला ठाऊक आहे. परंतु जुन्या ग्राहकाकडून शेवटच्या बिलाचे पैसे येणे बाकी असताना अर्ज करावा की थांबावे? ज्यांनी हा बदल स्वतः केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.