कॅम्परव्हॅनच्या कॅसेट टॉयलेटची झडप अडकतेय, वासही येतोय. सल्ला हवा (ठाणे)

वाकडी_वाट:
मंडळी, मदत हवी आहे. जेवत असाल तर धागा नंतर वाचा.

दीड वर्षापूर्वी जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्परव्हॅन करून घेतली. मागच्या कोपऱ्यात थेटफोर्ड कंपनीचं कॅसेट टॉयलेट आहे. खालची टाकी गाडीच्या बाहेरच्या दारातून सुटकेससारखी ओढून काढायची, तो प्रकार. पहिला उन्हाळा निभावला. जूनमध्ये गाडी सोसायटीत (कासारवडवली) ताडपत्रीखाली लावली, ती दिवाळी उरकल्यावर काढली.

आता झडपेचा दांडा इतका घट्ट झालाय की दोन्ही हातांनी लावावा लागतो. कॅसेट रिकामी असूनही वास येतो. भांड्यात पाणी ठेवलं तर दहा मिनिटांत खाली उतरतं. आणि टाकी भरल्याचा लाल दिवा विझतच नाही.

ज्यांनी गाडी बनवली त्यांना फोन केला. न बघताच म्हणाले, "साहेब, अख्खी कॅसेट बदला." किंमत ऐकून आधी इथे आलो. दोन आठवड्यांनी बायको, दोन मुलं आणि मी गुहागरला निघतोय. खरंच बदलावी लागेल? आणि हेही सांगा, ठाण्यात ही रिकामी कुठे करता तुम्ही?

इंजिन_गरम:
टमरेल घ्या. सुटे भाग लागत नाहीत, दिवा लागत नाही.

खाडीकाठ (नेरूळ):
कॅसेट बदलू नका! तुमच्या चार तक्रारींपैकी तीन एकाच रबराच्या आहेत.

टाकीच्या तोंडाशी एक पाती सरकते, तीच झडप. तिच्यावर ओठासारखं एक गोल रबरी सील टेकलेलं असतं. ते मऊ आणि ओलसर असेपर्यंत पाणी वर थांबतं, वास खाली थांबतो आणि पाती लोण्यासारखी फिरते. तुमची गाडी पाच महिने झडप बंद ठेवून उभी होती. रबर वाळलं आणि पातीला चिकटलं. आता तुम्ही जोर लावताय, म्हणजे ते फाटायची वेळ आलीय. दांडा आधी सोडा. तो तुटला तर मात्र खर्च खरा.

कॅसेट बाहेर काढा. झडप अर्धवट उघडी असेल तर ती निघणार नाही, तशी अडकण मुद्दाम केलेली असते. तेव्हा ओढाताण न करता आधी झडप पूर्ण बंद करा. मग टाकीत पाव भाग कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून दोन-तीन तास ठेवा, अधूनमधून हलवा. उकळतं पाणी नको. वरच्या रबराभोवती मऊ जुना टूथब्रश फिरवा, तिथे पाण्यातल्या क्षारांची पांढरट खर आणि कागदाचे तुकडे अडकलेले सापडतील. फडक्यानं कोरडं करा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या.

खोबरेल नको, व्हॅसलीन नको. आपल्याकडे काहीही करकरलं की पहिला हात खोबरेलाच्या बाटलीकडे जातो, पण थेटफोर्डच्या पुस्तिकेतच या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. वनस्पती तेल आणि व्हॅसलीन यांनी सील बिघडून गळती लागते. खास डबी मिळाली नाही तर पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्याला विचारा. त्याच्याकडे ओ-रिंगला, म्हणजे गोल रबरी रिंगेला लावायचं सिलिकॉन ग्रीस असतं, बोटभर देईल.

मग परीक्षा. टाकीत पाव भाग साधं पाणी, झडप बंद, बुचं घट्ट. कॅसेट वर्तमानपत्रावर उलटी ठेवा. कागद कुठे भिजतो ते बघा. मधोमध भिजला तर वरचं सील गेलं. ओतायच्या नळीपाशी भिजला तर बुचातली रबरी रिंग गेली, ती किरकोळ गोष्ट आहे. हवेच्या बटणापाशी (ओतताना टाकीत हवा जावी म्हणून दाबायचं ते) भिजला तर त्याचं रबर. काय होतं ते इथे लिहा.

वाकडी_वाट:
ताई, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. शनिवारी करतो. दिव्याचं काय?

खाडीकाठ:
टाकीत एक तरंगता तुकडा असतो, त्यात चुंबक. पाणी वर आलं की तोही वर येतो आणि वरचा स्विच लागतो. तुकडा कागदानं नाहीतर खरेनं अडकला की रिकामी टाकीही भरलेली दिसते. कोमट पाण्याच्या त्याच धुण्यात तो बहुतेक सुटतो. नाही सुटला तर लिंबूसत्त्व, किराण्यात मिळतं ते, दोन मोठे चमचे कोमट पाण्यात घालून रात्रभर ठेवा. बाथरूमचं ॲसिड आणि ब्लीच दोन्ही टाळा, रबर खातात. ब्लीच तर लघवीच्या अमोनियाशी मिसळलं की डोळ्यांतून पाणी काढणारा वायू सोडतं, आणि बंद गाडीत तो तुम्हीच घेणार.

तुर्भेवाला_दादा:
वरच्याला शंभर टक्के अनुमोदन, फक्त एक भर. पुस्तिकेतला हिशोब इकडे लावू नका. टाकीत वास मारायला घालतात ते निळं रसायन चार-पाच दिवस टिकतं म्हणतात, ते युरोपच्या हवेत. आपल्या एप्रिलमध्ये बंद गाडी उन्हात उभी राहिली की आतलं सगळं दुप्पट वेगानं आंबतं. मी दुसऱ्या दिवशी रिकामी करतो, दिवा लागो न लागो.

दुसरं म्हणजे आपण पाणी वापरणारी माणसं. टाकी साधारण 17 ते 20 लिटरची. एका माणसाची दिवसाची लघवीच दीड लिटरच्या आसपास, चौघांची सहा. वर फ्लश आणि तो हँडशॉवर. दोन दिवसांत टाकी भरते यात नवल काही नाही. आम्ही हँडशॉवर काढूनच टाकला, लहान मग ठेवला. दिवसा पेट्रोलपंप आणि ढाब्यावरची सोय वापरायची, गाडीतली रात्रीपुरती. घरच्या मंडळींनी आधी कुरकुर केली, मग भरलेली 20 किलोची कॅसेट एकदा त्यांना उचलायला दिली.

सह्याद्री_सरळ:
माळशेज किंवा कसारा चढणार असाल तर वर पोचल्यावर झडप झटकन उघडू नका. वर हवेचा दाब कमी, टाकीतला जास्त. खालची सगळी हवा तोंडावर येते. झाकण लावलेलं असतानाच झडप आधी बोटभर उघडायची, मग पूर्ण. हे मी कसं शिकलो ते विचारू नका.

इंजिन_गरम:
विचारतोय.

सह्याद्री_सरळ:
नाही सांगणार.

माजिवडा_मावळा:
रिकामी करायचं सोपं आहे. रात्री अकरानंतर सोसायटीच्या बाहेरच्या गटारात. किंवा सफाईवाल्या पोराला शंभर रुपये द्या, तो करतो.

खाडीकाठ:
दोन्ही नको, आणि हे जरा कडक लिहितेय.

तुमच्या बाहेरचं ते गटार पावसाच्या पाण्याचं आहे, ते पुढे नाल्यातून ठाण्याच्या खाडीत जातं. त्याच खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला. हिवाळ्यात आपण दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला जायचं आणि रात्री त्यात मैला ओतायचा?

आणि सफाईवाला. माणसाकडून हातानं मैला उपसून घेण्यावर 2013 चा कायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ही तुमच्या घरातली घाण आहे. शंभर रुपये देऊन ती दुसऱ्याच्या हातात देऊ नये. कॅसेटला चाकं आणि दांडा आहे तो स्वतः ओढण्यासाठीच.

माजिवडा_मावळा:
मान्य. गटाराचं माहीत नव्हतं. पोराचं... माहीत होतं, विचार केला नव्हता.

तुर्भेवाला_दादा:
मी घरच्याच संडासात ओततो. भारतीय बैठकीचा असेल तर उत्तम, तोंड मोठं. कमोडमध्ये शिंतोडे उडतात, म्हणून नळी खाली वळवून हळूहळू, आणि ओतताना हवेचं बटण दाबून धरायचं. ते न दाबता ओतलं तर गुडगुड करत उसळतं. मग अर्धी बादली पाणी घालून हलवायचं, पुन्हा ओतायचं. असं दोनदा. प्रवासात सार्वजनिक शौचालयाच्या माणसाला आधी विचारतो, पैसे देतो, जाताना जागा धुऊन जातो. आजवर एकदाच नकार मिळाला.

कोकणात मुक्काम असेल तर मात्र यजमानांना सेप्टिक टँक आहे का विचारा. निळ्या रसायनात जंतू मारणारी औषधं असतात, टँकमधले कामाचे जंतूही मरतात. सेप्टिकवाल्या घरी जाताना हिरवं, जैविक रसायन वापरायचं. आमच्या सोसायटीत सांडपाण्याचा स्वतःचा प्रकल्प आहे, तिथेही तेच.

वाकडी_वाट:
रविवार सकाळ, अहवाल.

शनिवारी दुपारी पार्किंगमध्ये कॅसेट काढून बसलो. वॉचमन लांबूनच म्हणाला, "साहेब, बॅटरी आहे का?" मी हो म्हटलं.

कोमट पाण्यात तीन तास ठेवल्यावर झडप एका हातानं फिरायला लागली. रबराखालून नखाएवढ्या पांढऱ्या पापड्या निघाल्या. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी असतं, तेच फ्लशला भरलं होतं, बहुधा त्याचीच खर. दिवा लिंबूसत्त्वानंतर विझला. फिल्टरवाल्यानं ग्रीस फुकट दिलं, पण कशाला हवंय ते विचारून पस्तावला.

वर्तमानपत्राची परीक्षा मात्र नापास. मधोमध रुपयाएवढा डाग. भिंगातून बघितलं तर रबराला एका बाजूला बारीक चीर आहे.

खाडीकाठ:
मग सील बदला. फक्त सील, कॅसेट नाही. गाडीच्या बाहेरच्या छोट्या दाराच्या आत स्टिकर असेल, त्यावरचं मॉडेल बघूनच मागवा, वेगवेगळ्या मॉडेलचे सील एकमेकांना बसत नाहीत. काही कॅसेटचं वरचं तोंड स्क्रूंनी बसवलेलं असतं, काहींचं नुसतं फिरवून निघतं. काढताना प्रत्येक पायरीचा फोटो काढा. मी नाही काढला आणि एक स्प्रिंग अजून घरात कुठेतरी आहे.

आणि पुढच्या पावसाळ्यात टाकी धुऊन, वाळवून, झडप उघडी आणि ओतायचं बूच सैल ठेवूनच गाडी लावा. फ्लशची टाकीही पूर्ण रिकामी करा.

वाकडी_वाट:
सील मागवलं, पोचायला तीन आठवडे म्हणतायत. म्हणजे गुहागरला हे चिरकं सीलच घेऊन जायचं?

तुर्भेवाला_दादा:
जा की. ग्रीस लावा, भांड्यात पाणी साठवून ठेवू नका, टाकी अर्ध्यावर आली की रिकामी करा, आणि कॅसेटच्या कप्प्यात जाडसर प्लास्टिक अंथरून त्यावर वर्तमानपत्र. वळणांवर जरा हळू.

इंजिन_गरम:
आणि टमरेल सोबत असू द्या.

वाकडी_वाट:
घेतलंय. बायकोनं तुमचा पहिला प्रतिसाद वाचून स्वतःच बॅगेत टाकलं.